आतल्या खोलीतला पलंग

सामान हलवणाऱ्या तीन कंपन्यांची कोटेशनं त्याने टेबलावर शेजारी शेजारी मांडली. तिघांची माणसं वेगवेगळ्या दिवशी येऊन घर बघून गेली होती.

पहिल्या यादीत फ्रिज, कपाटं, वॉशिंग मशीन असं सगळं होतं आणि अगदी शेवटी लिहिलं होतं: "आतली खोली, पलंग एक. आजोबा झोपले होते, माप घेतलं नाही."

त्याने ती ओळ पुन्हा वाचली. आतली खोली रिकामी होती. वडिलांना, अण्णांना, वृद्धाश्रमात सोडलं, त्याच आठवड्यात त्याने त्यांचा तो पलंग विकून टाकला होता. शेजाऱ्यांना मात्र "अण्णा ताईकडे गेलेत" असं तो खुशाल सांगायचा. आणि आता आपण इतक्या लांब चाललोय, हे अण्णांना सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती.

दुसऱ्या यादीतही पलंग होताच. "आजोबा जागे होते, पण उठले नाहीत."

तिसऱ्या यादीत पलंग नव्हता. त्याच्या जिवात जीव आला. त्याने लगेच फोन लावला.

"तुमच्या यादीत आतल्या खोलीतलं काहीच नाही ना?"

"नाही साहेब, पलंग धरलाच नाही," तिकडचा माणूस जरा अडखळला. "आजोबांना विचारलं, हा पण न्यायचाय ना? तर म्हणाले, मला कुणी काही सांगितलेलंच नाही."

त्याने मान खाली घातली.

"साहेब, आता ते मागून हाका मारतायत ना तुम्हाला," फोनवरचा माणूस म्हणाला, "मग त्यांनाच विचारून घ्या की."