वजा चिन्ह

रोज सकाळी चहा घेऊन शैलजा संगणकाच्या पडद्यासमोर बसे आणि केतकीला प्रवेश परीक्षेच्या सरावातला तोच एक प्रश्न वाचून दाखवी, वर फेकलेल्या चेंडूचा. केतकी वजा चिन्ह विसरे आणि जीभ चावून म्हणे, "अगं आई, परत राहिलं!"

याच चुकीवरून शैलजा तिला किती बोलली होती. आता तेवढं एक वाक्य ऐकलं की दिवस निघे.

क्लासमध्ये प्रत्येक मुलाची अशी बोलती प्रत संगणकात ठेवत. ती त्याच्यासारखीच चुके, म्हणून सरांना त्याचं कच्चं काय ते कळे. केतकी देवाघरी गेल्यावर सरांनी तिची प्रत शैलजाला दिली. "जपून हं ताई, ही सरावाने सुधारते," ते म्हणाले होते. शैलजाने ते कानाआड केलं.

आज उत्तर वजा चिन्हासकट आलं.

"बघ आई, नाही विसरले!"

शैलजाचा चहा हातातच निवला. "नाही गं बाळा, चुकलंय तुझं," ती कळवळून म्हणाली. "पुन्हा कर ना."

केतकी असती तर रडवेली होऊन खोडरबर शोधू लागली असती.

"तपासलं," पडदा म्हणाला. "उत्तर बरोबर आहे."