गेलेल्यांची फेरी

बॅण्डनं पहिला सूर धरला आणि चौकाच्या मधोमध तिला तिचा नवरा दिसला. एक हात हवेतल्या कुणाच्या तरी कमरेवर, दुसऱ्यात हवेतलाच कुणाचा तरी हात. डोळे मिटलेले. माणूस नाचत होता आणि एकटाच नाचत होता.

हा बाबा आणि नाच! संसार केला तेवढी वर्षं तिनं त्याला साधी टाळी वाजवताना पाहिलं नव्हतं. बॅग हातात घेऊन ती गर्दीच्या कडेला थबकली. त्याचा नवा पत्ता काढून ती आली होती आणि प्रवासभर तिनं एकच वाक्य घोटलं होतं: झालं गेलं विसरा, मला घरात घ्या. बहिणीकडे आता तिची अडचण व्हायला लागली होती, हे एक. आणि इतक्या वर्षांनीही हा माणूस मनातून जात नव्हता, हे दुसरं. हे दुसरं तिनं बहिणीलाही सांगितलं नव्हतं.

"बसा की, उभ्या का?" चौकातल्या बेकरीवाल्या काकूंनी शेजारची खुर्ची पुढे सरकवली. "बाहेरगावच्या दिसताय. आमच्या पेठेचा मेळा आहे आज. पहिलं गाणं गेलेल्यांचं. ज्याचं माणूस वारलंय त्यानंच उतरायचं आणि आपल्या त्या माणसाबरोबर नाचायचं. दुसरं गाणं जिवंतांचं. तेव्हा कुणी कुणालाही विचारावं. किती लग्नं जुळलीत या चौकात! माझं धरून."

मोजकीच माणसं फेरीत होती. एका बाईनं हात फार खाली धरले होते, लहान मुलाच्या उंचीवर. तिच्याकडे बघवत नव्हतं.

"आणि ते निळ्या शर्टातले?" तिनं विचारलं.

"आमचे चष्मेवाले. देवमाणूस हो. बायको वारली, मग गाव सोडून इथे दुकान टाकलं. कसल्याशा तापात गेली बिचारी. शेवटपर्यंत यांनी चमच्यानं भरवलं तिला. बाई म्हणजे सोनं होती. कधी आवाज चढवून बोलली नाही. हे कामाला बसले की शेजारी बसून वाचून दाखवायची."

चमच्यानं? ती तापानं फणफणली होती तेव्हा या देवमाणसानं औषधाची बाटली उशाशी ठेवली होती आणि दुकान गाठलं होतं. आणि वाचून कसलं दाखवतेय! ती भांड भांड भांडायची आणि तो भिंग घासत बसायचा, हूं की चूं न करता. शेवटी एकदा दारात उभी राहून ती ओरडली होती, "आजपासून मी मेले असं समजा." त्यानं मानसुद्धा वर केली नव्हती. म्हणजे तेवढं बरं ऐकलं होतं.

आपल्याच मरणाला आपण खुर्ची टाकून बसलोय, हे तिच्या ध्यानात आलं. राग तर आलाच. पण रागाहून वाईट होता तो मत्सर. कारण तो नाचत होता फार जपून. वळताना थांबत होता, समोरचीला सावकाश येऊ देत होता. मधेच मान झुकवून तिच्या कानाशी काहीतरी बोलत होता. बोलत होता! आणि त्याच्या हातांमधली ती मोकळी जागा बघता बघता हिलाही भरलेली वाटायला लागली.

गाणं संपलं. त्यानं डोळे उघडले आणि नजर थेट तिच्यावर आली. चेहरा पांढराफटक पडला. तिनं नुसतं "अहो" म्हटलं असतं तरी पुरे होतं. मग त्या हात खाली धरणाऱ्या बाईला तो कुठल्या तोंडानं सामोरा गेला असता? पेठेत त्याला कुणी उभं केलं नसतं. दोघांनाही ते कळत होतं. ती गप्प राहिली.

बॅण्डनं दुसरं गाणं धरलं. तो गर्दीतून वाट काढत आला आणि तिच्यासमोर उभा राहिला.

"तुम्ही..." त्यानं घसा खाकरला. सगळा संसार "ए" आणि "अगं" वर उरकलेला माणूस. "तुम्ही इथे नव्या दिसताय. माझ्याबरोबर नाचाल का?"

डोळ्यांत नुसती विनवणी होती. तिला कळून चुकलं. दार उघडं होतं, पण नव्या बाईसाठी. घोटलेल्या वाक्याचा आता काही उपयोग नव्हता. तिनं बॅग खुर्चीवर ठेवली.

"मला येत नाही," ती म्हणाली. "शिकवावं लागेल."

पेठ नुसती खूश झाली. कुणी शिट्टी मारली, बॅण्डवाल्यांना जोर चढला. त्याचा हात तिच्या कमरेशी आला आणि वीतभर अलीकडेच थांबला, मधे आधीच कुणी उभं असल्यासारखा. मग पुढे आला. गाणं संपेपर्यंत ती त्याच्या एका शब्दाची वाट बघत राहिली. तो काहीच बोलला नाही.

"दुकानावर चहा घेऊन जा," शेवटी तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला आणि तिची बॅग त्यानं स्वतःच उचलली. जीव भांड्यात पडला म्हणावं तर पडेना. ती त्याच्यामागे निघाली तशी काकूंनी डोळे पुसत तिला हाताला धरून बाजूला घेतलं.

"आमच्या चष्मेवाल्यांना आज तुम्ही माणसात आणलंत, बाई. पण एक सांगते, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही कितीही केलंत तरी पहिलीची सर तुम्हाला यायची नाही."