दुरुस्तीचा खर्च

“फोनवर मागं वृषभची गिटार ऐकू येत न्हाय गं हल्ली. हे बरं न्हवं, विचार त्याला जरा,” असं सासूबाई सदलग्याहून म्हणाल्या, तेव्हा क्षमा हसली होती. “अहो, गिटारीचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प बंद पडलाय त्यांचा. दुरुस्तीला पाच हजार लागतील, असं ते म्हणतात.”

पाच हजार साठायला सहा महिने गेले. मग एक दिवस नवऱ्याला न सांगता तिनं बाळाला कडेवर घेतलं आणि अ‍ॅम्प रिक्षात घालून खडेबाजारात नेला. आप्पाण्णा मेकॅनिकनी मागची फळी उघडली, काहीतरी बसवलं, बटण दाबलं आणि दुकानातल्या गिटारीची तार छेडली. बाळ दचकून रडायलाच लागलं.

“घ्या आक्का, झालं.”

“एवढ्यात? काय बिघडलं होतं?”

“कायबी न्हाय. कुणीतरी फ्यूज काढून ठेवलता. ह्या कागदात गुंडाळून आतच चिकटवलता बघा, हरवू नये म्हणून.”

“पैसे किती, अण्णा?”

“एवढ्याचं कसलं पैसं घ्यायचं?”

कागदावरचं अक्षर वृषभचं होतं; वाजवणं त्यानं स्वतःच थांबवलं होतं. दुकानाच्या पायरीवरूनच तिनं त्याला फोन लावला.

“अहो, जेवलात का?” आणि मग, “बरे आहात ना?”



हे वाचून झालं की तुमच्या घरातल्या गप्प झालेल्या माणसालाही एकदा विचारून या.