पुस्तकातलं बेंबळी

बाबामियाँनं गुडघ्यावर आपटून रेकॉर्ड फोडली, तेव्हा त्याच्या सायकलच्या दुकानात पंधरा-वीस माणसं होती.

शांतलिंग जळकोटकरच्या गाण्यांची ती रेकॉर्ड त्यानं सोलापूरहून आणली होती. आठ वर्षं ती चावीच्या फोनोवर वाजत होती. पंक्चर नसलेली माणसंसुद्धा तिच्यासाठी दुकानात येऊन बसत. आता त्याच शांतलिंगनं स्वतःच्या आयुष्यावर पुस्तक काढलं होतं. दारू, गांजा, टाकून दिलेली बायको, काही म्हणता काही झाकलं नव्हतं. तिथवर लोकांनी चवीनं वाचलं. पुढं त्यांच्याच बेंबळीचं नाव आलं.

"गाणाऱ्यानं गावं," बाबामियाँ म्हणाला. "आमच्या गावची इज्जत कशापायी काढावी?"

"खरं लिवायला बी छाती लागती, मियाँ," रामकिसन म्हणाला.

"तुझ्या घरातलं लिवलं असतं, मंग बोलला असतास का?"

तेवढ्यात लक्ष्मीबाई दळण घेऊन समोरून निघाली. सगळे गप्प झाले. तिनं पदर पुढं ओढला आणि पाय उचलला.

ती चौथी शिकलेली होती. नवऱ्यानं, कोंडीरामनं, ते पुस्तक कणगीमागं दडवून ठेवलं होतं. तिला ते चार दिवसांपूर्वीच सापडलं होतं. ते एक पान तिला आता पाठ झालं होतं: 'बावन्नच्या उन्हाळ्यात मला विषमज्वर झाला. बेंबळीच्या एका घरानं मला दोन महिने सांभाळलं. त्या घरात मला कुणीतरी जीव लावला, आणि मीही लावला. बायकोला कधी लावला नाही इतका. नाव लिहिणार नाही. तसं वचन दिलं आहे.'

घर कुठलं, हे गावाला सांगावं लागलं नाही. कोंडीराम तेव्हा शांतलिंगच्या मेळ्यात ढोलकी वाजवायचा आणि आजारी शांतलिंगला त्यानंच बैलगाडीतून घरी आणलं होतं. त्या उन्हाळ्यात लक्ष्मीबाई बाळंतपणाला माहेरी होती. घरात म्हातारी सासू, कोंडीराम आणि त्याची सतरा वर्षांची बहीण तुळजाबाई. शांतलिंग बरा होऊन गेला, त्यानंतर कोंडीरामनं ढोलकीला हात लावला नाही. पुढच्याच वर्षी तुळजाबाईचं लग्न उरकलं. अकरा वर्षांनी गावानं ह्या सगळ्याचं एकच गाठोडं बांधलं.

लक्ष्मीबाई घरी आली तर अंगणात तुळजाबाई उभी. हातात बोचकं. मागं तिचा नवरा बब्रुवान. तो माकणीहून आला होता, पण चपला काढायला तयार नव्हता.

"पाव्हणं, बसा तरी," लक्ष्मीबाई म्हणाली.

"बसायला आलो न्हाय. माकणीत पारावर पुस्तक वाचत्यात लोक. मला बघितलं की हासत्यात. ठिवा तुमची पोर तुमच्याकडं."

"माझी दोन लेकरं तिकडं हायती," तुळजाबाई म्हणाली.

लक्ष्मीबाईनं तिला आत नेलं. "वन्सं, मला खरं सांगा."

"वहिनी, म्या त्यास्नी पाणी दिलं, पेज दिली. लेकरांची आण, दुसरं काय न्हाय."

लक्ष्मीबाईचा विश्वास बसला, आणि बसलाही नाही.

"आपुन जळकोटला जाऊ," ती बाहेर येऊन म्हणाली. "त्यानंच तोंडानं सांगावं, ही ती न्हवं म्हणून. मंग तर न्याल?"

बब्रुवाननं मान डोलावली.

कोंडीराम खांबाला टेकून बसला होता. चेहरा राखेसारखा. "नको जाऊस," तो म्हणाला. "त्याला काय इचारू नकोस, लक्ष्मी."

"अहो, बहीण हाय तुमची!"

"म्हणून तर म्हणतो."

लक्ष्मीबाईला वाटलं, म्हणजे तुळजानं खोटी आण घेतली, आणि ह्यांना सगळं ठाऊक होतं. तरीही तिनं तुळजाबाईचा हात सोडला नाही. सकाळच्या एस.टी.त तिघं बसली. कोंडीराम शेवटच्या क्षणी चढला आणि तुळजापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला.

जळकोटला शांतलिंगच्या दारात गर्दी होती. एकजण हार घेऊन आला होता. दुसरा पुस्तकाची पानं टराटरा फाडून ओसरीवर फेकत होता. शांतलिंग घोंगडीवर बसून दोघांकडं सारख्याच नजरेनं बघत होता. केस पांढरे झाले होते. ही चौघं दिसताच तो उठला, त्यांना आत घेतलं आणि दार लावलं.

"शांतलिंगबुवा," लक्ष्मीबाई म्हणाली, "ही माझी नणंद. नवऱ्यानं टाकायला काढलीय. पुस्तकात लिवली ती हीच का?"

"न्हाय, वहिनी. शपथेवर सांगतो. ही मला धाकट्या बहिणीवाणी."

"मंग कोण?" बब्रुवान पुढं सरकला. "घरात दुसरी व्हती कोण? म्हातारी?"

"नाव मागू नका. वचन दिलंय म्या."

"मंग कशापायी लिवलं?"

शांतलिंगनं खाली बघितलं. "सगळं खोटंनाटं जगलो. तेवढं एक खरं व्हतं. ते गाळलं असतं तर पुस्तकात ऱ्हायलं काय असतं?"

"तुमचं खरं तुमच्यापाशी," बब्रुवान म्हणाला. "नाव न्हाय, तर ही माझ्या उंबऱ्यात न्हाय." तो दाराकडं वळला.

लक्ष्मीबाईनं शांतलिंगचे पाय धरले. "बुवा, तिची लेकरं हायती हो. काय वचन घिऊन बसलाय?"

शांतलिंगनं कोंडीरामकडं बघितलं.

कोंडीराम इतका वेळ भिंतीशी उभा होता. त्यानं बब्रुवानचा हात कडीवरून बाजूला केला.

"पाव्हणं, माझ्या बहिणीला घरी न्या," तो म्हणाला. "पुस्तकातलं ते माणूस म्या हाय."