लेफ्ट म्हणजे गेली

"काका, ‘माय मदर लेफ्ट’ एवढंच म्हणून थांबू नका," संघप्रिया मॅडम म्हणाल्या. "ऐकणाऱ्याला वाटेल, आई रुसून माहेरी गेल्या."

वर्गातली पोरं हसली. बब्रुवान वहीचा कोपरा दुमडत मान खाली घालून उभा राहिला. धाराशिवच्या स्टँडवर तो वाहतूक नियंत्रक होता. माईकवर त्याचा आवाज आला की अख्खा फलाट पिशव्या उचलायचा. इथं मात्र तीन शब्दांत त्याला घाम फुटला होता.

चूक तशी मॅडमचीच होती. लीव्ह-लेफ्ट-लेफ्ट शिकवताना त्यांनी मुद्दाम त्याच्यासाठी म्हणून एसटीचं उदाहरण दिलं होतं. ‘द बस लेफ्ट ॲट टेन.’ बस दहाला गेली. बब्रुवानला ते चटकन कळलं. बस गेली तर लेफ्ट, मग आई गेली तरी लेफ्टच की.

"माणूस वारलं की ‘पास्ड अवे’ म्हणायचं," मॅडमनी सांगितलं. "म्हणा बघू."

"ते न्हाय यायचं."

"सोपं आहे, काका."

"सोपं हाय ओ. पर जीभ रेटत न्हाय."

आता कोणी हसलं नाही. मॅडमनी घाईनं पुढचं क्रियापद घेतलं.

बब्रुवानला या वयात क्लास लावायची हौस नव्हती. त्याची मुलगी अर्पिता बेंगळुरूला नोकरीला होती, तिथल्याच शांतलिंगशी तिचं जमलं होतं. रविवारी त्याच्या घरचे बघायला येणार होते. त्यांना मराठी येत नव्हती आणि यांना कानडीचा गंध नव्हता. राहिली इंग्रजी. "पप्पा, फार बोलू नका," अर्पितानं फोनवर बजावलं होतं. "घरात कोण कोण आहे तेवढं नीट सांगा. त्यांच्यात माणसांना लई किंमत आहे."

वर्ग सुटल्यावर मॅडमनी त्याला थांबवलं. "मघाशी मी उगाच चेष्टा केली. मलाच कसंतरी झालं. आई कधी गेल्या?"

"एकवीस साली. कोरोनात. सोलापूरला नेली हुती."

"शेवटचं बघायला तरी मिळालं?"

"न्हाय."

त्या वर्षी असं पुष्कळ घरांत झालं होतं. मॅडमनी पुढं विचारलं नाही. त्यानंच वही उघडली.

"लेफ्टला अजून अर्थ हायेत का ओ?"

"बरेच आहेत. ‘टू आर लेफ्ट’ म्हणजे दोन उरले. ‘आय लेफ्ट माय अंब्रेला’ म्हणजे मी छत्री टाकून आलो."

"इसरून?"

"विसरून म्हणा, नाहीतर मुद्दाम म्हणा. शब्द तोच."

बब्रुवाननं ते लिहून घेतलं. अक्षर वेडंवाकडं आलं म्हणून खोडून पुन्हा लिहिलं.

घरी बायकोनं त्याची शिकवणीच घेतली. भिंतीवर आईचा, कडूबाईचा, फोटो होता. त्याच्यासमोर त्याला बसवून ती म्हणाली, "पास्ड अवे. धा येळा म्हणा."

त्यानं चार वेळा म्हटलं. पाचव्या वेळी तो पाणी प्यायला उठला.

"पोरीच्या सोयरिकीत घोळ घालू नगा," बायको म्हणाली. "एक वाक्य हाय निस्तं."

त्याला लाज वाटत होती. बायकोची, वर्गातल्या पोरांची, फोटोचीसुद्धा. आठवडाभर तो स्टँडवरून घरी येताना तेच वाक्य पुटपुटत राहिला.

रविवारी अकराला पाहुणे आले. शांतलिंग, त्याचे वडील ईरण्णा, आणि ईरण्णांचा हात धरून त्यांची ऐंशीच्या पुढची आई गंगम्मा. म्हातारीला आधी बसवल्याशिवाय कोणी बसलं नाही. तिच्या पाठीमागं उशी ईरण्णांनी स्वतः सरकवली.

बब्रुवान उभा राहिला. "माय वाइफ. माय डॉटर, अर्पिता. आय कंट्रोलर, एसटी." ईरण्णांनी हसून मान डोलावली. अर्पिताच्या तोंडावरचा ताण उतरला. मग ईरण्णांची नजर फोटोकडं गेली.

"युवर मदर?"

"येस. कडूबाई." बायको हळूच खोकली. "पास्ड अवे," बब्रुवान म्हणाला. एकही अक्षर अडखळलं नाही.

"ओह. सॉरी," ईरण्णा म्हणाले आणि आईला कानडीत काहीतरी सांगितलं.

गंगम्मानं ऐकलं. मग गुडघ्यावर हात रोवून उठली. अर्पितासाठी आणलेल्या हारातलं एक फूल तिनं तोडलं आणि हळूहळू फोटोकडं निघाली. ईरण्णा तिच्या मागं उभे राहिले. सगळी खोली हात जोडून उभी राहिली. अर्पितानं डोळ्यांना ओढणी लावली. आजीवर तिचा जीव होता, आणि मातीलाही तिला येता आलं नव्हतं.

गंगम्माचा हात फोटोपर्यंत पुरेना. तिनं बब्रुवानकडं बघितलं आणि खुणेनं सांगितलं, जरा धर मला.

बब्रुवान पुढं झाला. त्यानं तिला धरलं नाही. तो फोटोच्या आडवा उभा राहिला.

"नो," तो म्हणाला. "नो फ्लावर."

"पप्पा, काय झालं?" अर्पिता म्हणाली.

"चुकलं गं बाळा. वाक्य चुकलं."

"राहू द्या की आता," बायको म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "समजलंय त्यांना."

"न्हाय समजलं."

तो ईरण्णांकडं वळला. फलाटावरच्या शेवटच्या माणसालाही कळावं असं, एकेक शब्द सुटा करून, तो बोलला.

"माय मदर नॉट पास्ड अवे. आय लेफ्ट माय मदर. सोलापूर स्टँड."