बारावा खिळा

“गुरुजी, पुन्हा अकरा!” धाकटी म्हणाली आणि तिची सुई काजातच थांबली.

लांबलचक टेबलाभोवती हसू फुटलं. शिवून आलेल्या शर्टांना काजं-बटणं करायची, लोंबते दोरे कापायचे, हे इथल्या बायकांचं काम. हात गुंतलेले, कान मात्र मोकळे. म्हणून सगळ्यांनी मिळून शाळेतून निवृत्त झालेल्या गुरुजींना गळ घातली होती. जेवणाच्या सुट्टीआधी ते एक जाडजूड जुनी कादंबरी वाचून दाखवत. आजचं प्रकरण असं रंगलं होतं की कोणाला जागचं हलवत नव्हतं.

तसं धाकटीला हलायला हवं होतं. तिची थोरली बहीण याच टेबलावर तिच्या शेजारी बसायची. बटणं संपली म्हणून ती किल्ली घेऊन तळघरातल्या गोदामात गेली होती. गोदामाचं लोखंडी दार जड, सोडलं की आपोआप कुलूपबंद व्हायचं आणि आतून उघडायचं नाही. म्हणून तिथे दोघींनी जायचं, एकीने दाराखाली लाकडी पाचर ठोकून बाहेर उभं राहायचं, असा नियमच होता. आज पाचर धरायची पाळी धाकटीची. पण नेमके तेव्हाच कादंबरीतले घोडेस्वार नदीपाशी पोचले होते.

“तू ऐक गं,” थोरली म्हणाली होती. “काय झालं ते मला मागून सांग. मी दाराला कापडाचा गठ्ठा लावते. गेले नि आले.”

सकाळीच सुपरवायझरने गोदामात किडीचं औषध मारलं होतं. त्याचा उग्र वास अजून जिन्यातून वर येत होता.

“काय सापडलं, बाळ?” गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवला.

“सुरुवातीला त्यांच्या जेवणाच्या टेबलावर अकरा ताटल्या होत्या. मग खिडक्यांत अकरा दिवे. आता नदीवरून अकरा घोडे परत आले. आणि दर वेळी पुढच्याच पानावर त्या घरात रडारड.”

“आकडाच मेला अवलक्षणी,” बडबडी म्हणाली. सगळ्या तिला याच नावाने हाक मारत. “आमच्या ह्यांचा जन्म अकरा तारखेचा. आज उलगडा झाला बघा!”

गुरुजीही हसले. कुठलंही उत्तर चूक म्हणायचं नाही, ही त्यांची वर्गातली सवय अजून गेली नव्हती. “हेही एक उत्तर झालं. पण दहा का नाही? तेरा का नाही? लेखकाला आकड्यांचा काय तोटा होता? आठवा बघू पोरींनो, त्या घरात माणसं किती?”

धाकटीने बोटांवर मोजलं. “आजी, दोन काका, मुलं… बारा.”

“शाब्बास!” गुरुजींचा चेहरा उजळला. “म्हणजे लेखक आपल्याला अकरा मोजायला लावतो, पण दाखवतो बारावा. जो आलेला नाही तो. आणि घरचे काय करतात? मोजतात, अकरा म्हणतात, आणि खुशाल जेवायला बसतात.”

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली.

जेवायला उठताना प्रत्येकीने आपली कात्री भिंतीवरच्या आपल्या खिळ्याला अडकवायची. मागे एकदा एक कात्री शर्टांच्या खोक्यातून परगावी गेली होती, तेव्हापासून सुपरवायझर त्या रोज मोजायचा. आजही तो बोट फिरवत गेला.

“…नऊ, दहा, अकरा.”

एकच हशा उसळला. “घ्या गुरुजी!” बडबडी ओरडली. “तुमचा अकरा पुस्तकातून उतरून इथे जेवायला आला!”

“कोणाची राहिली ती लावून टाका,” सुपरवायझर म्हणाला. डब्यांची झाकणं उघडू लागली.

गुरुजींचं हसू तेवढं ओठांवरच राहिलं. त्यांनी धाकटीकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती. शेवटचा, बारावा खिळा रिकामा होता. थोरलीचा.

धाकटी उठली तशी तिच्या मांडीवरची बटणं जमिनीवर विखुरली.

जिना उतरताना वास तिच्या घशात बसला. गोदामाचं दार घट्ट लागलेलं होतं. कापडाचा गठ्ठा बाजूला ढकलला जाऊन भिंतीशी आडवा पडला होता.

“ताई!”

आतून लोखंडावर कात्री आपटल्याचा आवाज आला. एकदाच. तिने दारावर दोन्ही हातांनी धडका दिल्या, कान लावला. मग काही ऐकू आलं नाही.

मागून सुपरवायझर धापा टाकत आला. जुडग्यातली एकेक किल्ली कुलपात घालत तो पुटपुटत होता, “ही नव्हे… ही नव्हे…” वर जिन्याच्या तोंडाशी बायका दाटीने उभ्या राहिल्या होत्या.

वासाने धाकटीला ठसका लागला. नाकाला रुमाल धरावा म्हणून तिने खिशात हात घातला.

हाताला पाचर लागली.