डेंटनच्या हाती नको

"माझ्या नावावर आता एकही बोली लावायची नाही, हॉलिस! सांगून ठेवते!" रोझॅननं लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

हॉलिसनं तो परत ओढला. "फक्त एक."

"मघाशीपण एकच होती. त्याच्या आधीपण एकच. तुझी एक संपते कधी रे?"

"डेंटन थांबेल तेव्हा."

"आणि थांबलाच तो, तर? जिंकलास तर काय करशील? ते सांग ना!"

हॉलिसनं लॅपटॉपचा पडदा आणखी जवळ ओढला. गोदामात डाव्या हातावर खोकं पडून दोन बोटं कायमची आखडली, तेव्हापासून तो थोरल्या बहिणीकडेच राहत होता. तिच्याच स्वयंपाकघरात बसून, तिच्याच लॅपटॉपवर, तिच्याच नावानं सकाळपासून बोली लावत होता. टेबलावरचा मक्याचा ब्रेड दगड झाला होता. खायची शुद्ध कुणाला होती?

पडद्यावर ती गिटार. चौसष्ट सालची, पिकल्या चेरीसारखी लाल. डोक्याकडे सिगरेटचा चटका, पाठीवर पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे. दुसरा कुणी म्हणाला असता, काय जुनाट माल आहे! हॉलिसला एकूण एक ओरखडा पाठ होता.

नॅशव्हिलमध्ये असल्या गिटारचे चार हजार डॉलर येतात. फार तर साडेचार. हे दुकानदाराला माहीत, वाजवणाऱ्याला माहीत, शेंबड्या पोरालाही माहीत. बोली कधीच सात हजारांच्या वर गेली होती. बाकीचे शहाणे सकाळीच पळाले. उरले दोघं. आता भाव लाकडाचा नव्हता, तारांचा तर नव्हताच. चार हजार गिटारचे, वरचे सगळे समोरच्याची जिरवायचे.

"तुला वाजवता तरी येते का आता?" रोझॅन म्हणाली. म्हणाली आणि लगेच तिनं जीभ चावली.

"मला नाही वाजवायची," हॉलिस म्हणाला. "त्यानं वाजवायची नाही."

डेंटन म्हणजे तोच, जो हॉलिसची बोटं आखडल्यावर पंधरवड्यात त्याच्या जागेवर उभा राहिला. तोच बार, तोच शुक्रवार, तीच गाणी. लोक टाळ्याही तेवढ्याच वाजवायचे. हॉलिसला वाटलं होतं, थोड्या तरी कमी पडतील. एकदा तो मागच्या टेबलावर बसून ऐकत होता, तर डेंटननं माइकवरून त्याच्या नावानं टाळ्या मागितल्या. मेलेल्या माणसासाठी मागतात तशा. त्या रात्री तो बिअर अर्धी टाकून उठला.

आणि आता डेंटननं सगळ्या बारला सांगून ठेवलं होतं, ही लाल गिटार मीच घेणार.

हॉलिसचा फोन वाजला. डेंटनच!

"उचलू नकोस," रोझॅन म्हणाली.

त्यानं उचलला. डेंटनचा आवाज रोझॅनलाही ऐकू येत होता.

"अरे हॉलिस, कुणीतरी येडा माझ्यामागे हात धुऊन लागलाय!" डेंटन हसत होता, पण धाप लागल्यासारखा. "कोण आहे रे? तुला काही अंदाज?"

"मला काय माहीत?"

"म्हटलं तुला कळेल. असो. मी सोडत नाही, बघ तू. बायको वेडी झालीये इथं. म्हणते, एवढ्यात स्वयंपाकघर नवं झालं असतं!"

"मग सोड ना. महाग पडतेय. दुसरी मिळेल."

"दुसरी नको. अरे, तुझ्या जागेवर उभा राहतो मी. हातात शोभणारी नको का?"

रोझॅननं डोळे मिटून घेतले. तिला कळलं, आता काही खरं नाही.

हॉलिसनं फोन आपटला आणि एकदम नऊ हजार टाकले.

साडेनऊ आले.

दहा टाकले.

"हॉलिस! उद्या मला कुणी विचारलं तर काय सांगू मी? कुणाच्या जिवावर दहा हजार लावले?"

"कुणी विचारत नाही."

साडेदहा आले. पडद्यावर शेवटचं मिनिट पळायला लागलं. हॉलिसच्या मानेवरची शीर फुगली. त्याला गिटार दिसतच नव्हती. डेंटनचा हात दिसत होता, तिच्या मानेवरून सरसर फिरणारा. पाचही बोटं धड असलेला.

त्यानं अकरा हजार लिहिले. बोट बटणावर गेलं, तेवढ्यात रोझॅननं दोन्ही हातांनी त्याचा हात टेबलावर दाबून धरला.

"सोड!"

"तू सोड," ती म्हणाली. "बास झालं. जाऊ दे तिला."

"रोझॅन, हात सोड! वेळ संपतेय!"

ती थोरली होती आणि आयुष्यभर रुग्णालयात माणसं उचलून तिचे हात मजबूत झाले होते. तो ओढत राहिला, ती दाबत राहिली. खुर्ची उलटली. पडद्यावरचे आकडे थांबले.

गेली. डेंटनकडे.

दोघंही धापा टाकत होती. हॉलिसनं कपाळ टेबलाला टेकवलं. रोझॅननं खुर्ची सरळ केली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं तो झटकला.

त्याचा फोन किणकिणला. तो हलेना, म्हणून तिनंच उचलून वाचलं.

"'अभिनंदन, हॉलिस. तुमची गिटार साडेदहा हजार डॉलरला विकली गेली.'" तिनं बोटानं पडदा वर सरकवला. "खाली डेंटनचा निरोपपण आहे. आत्ताच न्यायला येतोय."

हॉलिस उठला. खुंटीवरचं जॅकेट काढलं.

"माझ्या पलंगाखाली आहे, पेटीत," तो म्हणाला. "तूच दे त्याला. मला निघायला हवं."